बेसची पेटी आणि अण्णाचा डावा हात

मी आयुष्यभर लाकडं मोजली. रामनगरच्या अलीकडं एका लाकडाच्या डेपोत माझी नोकरी होती. ट्रकमधून ओंडका उतरला की त्याच्या पोटाभोवती टेप गुंडाळायचा, लांबी घ्यायची, वहीत आकडा टाकायचा आणि हातोडीनं त्याच्या तोंडावर नंबर ठोकायचा. एकतीस वर्षं हेच केलं. साग असो की किंदळ, ओंडका कधी वाद घालत नाही, त्यामुळं टेप सांगेल ते खरं आणि माणूस सांगेल ते नंतर बघू, अशी मला सवय लागून गेली. ह्या सवयीनं माझं एकदाच नुकसान केलं, पण चांगलं घसघशीत केलं. ते नुकसान केवढं हे कळायला घरात एक काळी पेटी यावी लागली.

पेटी म्हणजे सबवूफर. आमच्याकडं सगळे तिला बेसची पेटी म्हणतात. थोरली मुलगी बेळगावात दिलेली आहे, तिनं दुकानात येऊन निवडायला मदत केली. मी ती बसमध्ये मांडीवर घेऊन रामनगरला उतरलो आणि तिथून दुसरी बस धरून गुंदला, आमच्या गावी, घरी आलो. बायकोनं पेटीभोवती एक फेरी मारली, समोरची जाळी बोटानं दाबून बघितली आणि विचारलं, "ह्यात काय कोंबड्या ठेवायच्या हायत?"

"आवाज येतो त्यातनं," मी म्हणालो.

"आवाजाला काय तोटा हाय व्हय ह्या घरात?" असं म्हणून ती आत गेली. टोमणा मला होता, आणि बरोबर होता. पण पेटी कशासाठी आणली हे तिलाही ठाऊक होतं.

माझ्याकडं एक कॅसेट होती. आमच्या गावच्या देवळात दर सोमवारी भजन असतं, आणि त्यातलं एका सोमवारचं भजन आमच्यापैकी कुणीतरी टेपरेकॉर्डर मांडून भरून घेतलं होतं. त्यात टाळ माझे आहेत आणि मृदंग अण्णाचा. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्या पट्ट्यातल्या आठ-दहा गावांत त्याच्यासारखा मृदंग वाजवणारा नव्हता, हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. भाऊ म्हणून तर मी अकरा वर्षं त्याच्याशी बोललोच नव्हतो.

मुलीनं ती कॅसेट कुठूनतरी उतरवून पेन ड्राइव्हवर घालून दिली. मी ती फोनवर ऐकली, टीव्हीवर ऐकली, जावयाच्या छोट्या स्पीकरवर ऐकली. सगळीकडं एकच गोष्ट. मृदंगाला दोन अंगं. उजव्या अंगाला शाई असते, तिथून खणखणीत बोल निघतात. डाव्या अंगाला ओली कणीक थापतात, आणि तिथून निघणारी धुम कानाच्या आधी पोटाला कळते. ह्या सगळ्या स्पीकरांवर अण्णाचा उजवा हात तेवढा ऐकू यायचा, बिस्किटाच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा. डावा हात नव्हताच. जसा काही तो माणूस एका हातानं वाजवत होता.

आणि अण्णाचा डावा हात तीन वर्षांपूर्वी खरोखरच गेला होता. त्याला पक्षाघाताचा झटका आला, बेळगावला नेलं, पाय बऱ्यापैकी सुधारला, हात तसाच राहिला. तो काठी घेऊन अंगणात यायचा तेव्हा मी माझ्या दारातून बघायचो. डावा हात सदऱ्याच्या बाहीत नुसता लोंबायचा. मी विचारपूस केली ती बायकोकरवी. दवाखान्यात गेलो तो अण्णा झोपेत असताना, आणि जागा व्हायच्या आत निघालो. मला तो डावा हात परत एकदा ऐकायचा होता. मोठ्या माणसाचं असलं खूळ कुणाला सांगायची सोय नसते, म्हणून मी 'गाणी नीट ऐकू येत न्हाईत' एवढंच सांगून पेटी आणली.

आता आम्ही का बोलत नव्हतो ते सांगतो. आमचं घर एक, मधली खोली लांबलचक. आई-वडील गेल्यावर दोन चुली झाल्याच होत्या, मग घराचीही वाटणी करायची ठरली. भांडण कसलं नव्हतं. शेत वाटून झालं, भांडी वाटून झाली, गणपती थोरल्याच्या भागात राहील आणि चतुर्थीला सगळ्यांनी तिथंच जमायचं, हेही हसतखेळत ठरलं. राहिली ती मधली खोली. तिच्यात भिंत घालायची होती.

पंच बसले होते. मी डेपोतला टेप घेऊन आलो. खोली चोवीस फूट चार इंच लांब, बारा फूट रुंद. भिंत चार इंचांची. म्हणजे दोघांना बरोबर बारा बारा फूट. मी खडूनं रेघ मारली आणि उभा राहिलो. मला त्या आकड्याचा आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. इतकी नेटकी वाटणी अख्ख्या गावात झाली नसेल.

अण्णा रेघेकडं बघत म्हणाला, "भीत दोन हात माझ्याकडं सरकव. तुझ्या दोन पोरी हायत, उद्या जावई येतील. मला एवढी खोली कशाला लागतीय?"

एवढंच म्हणाला. साध्या आवाजात म्हणाला. पण चार लोकांत म्हणाला, आणि माझ्या हातात टेप होता. मला वाटलं, हा थोरला आहे हे मला पंचांसमोर दाखवतोय. मी म्हणालो, "मला दान नको. टेपानं येईल तेवढं घेणार. मोठेपणा मिरवायचा असंल तर दुसरीकडं मिरव."

अण्णा उठून बाहेर गेला. भिंत माझ्या रेघेवर उभी राहिली. मधे एक दार ठेवू या असं गवंडी म्हणत होता, त्यालाही मी नको म्हणालो. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. तसं वैर नव्हतं. बायका एकमेकींकडं जात-येत, ताक-लोणचं इकडून तिकडं जाई, चतुर्थीला मी त्याच्या घरी जाऊन गणपतीपुढं बसे, आरती दोघंही एकाच आवाजात म्हणत असू. आरती संपली की मी चप्पल शोधायचो. सोमवारच्या भजनाला मात्र मी जायचं सोडलं, कारण तिथं तो असायचा आणि त्याच्या मृदंगासमोर टाळ धरून बसायचं म्हणजे नजरेला नजर द्यावी लागते. नजर दिल्याशिवाय टाळ जमत नाही.

तर, पेटी. पहिल्या दिवशी मी ती टीव्हीशेजारी कोपऱ्यात ठेवली, कारण तिथं प्लग होता. भजन लावलं. अरे बाप रे. दाराची कडी खडखडायला लागली, फळीवरच्या तांब्यांनी आपसांत बोलायला सुरुवात केली, आणि सगळ्या खोलीत एक घुमारा भरला. त्यात मृदंग कुठं आणि माणसं कुठं काही समजेना. थोड्या वेळानं वरच्या अंगाचा शेजारी खाली आला. त्याच्या शेताला रानाची शीव लागून आहे, भात तयार झालं की गवे उतरतात आणि रात्रभर तो डबे बडवत मचाणावर बसतो.

"कसला आवाज ओ त्यो?" त्यानं विचारलं. "गवं हाकलायचं मशीन आणलायसा काय? कुठं मिळतंय?"

बायको आतून इतकी हसली की मला राग आला. मी त्या माणसाला दोन वाक्यांत वाटेला लावलं. त्यानं नंतर पंधरा दिवस मला दिसेल तिथं मशीनची किंमत विचारली.

दुसऱ्या दिवशी पेटी टीव्हीच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. घुमारा तोच. मग खुर्ची हलवून बघितली. माझी खुर्ची मी खोलीच्या बरोबर मध्यभागी ठेवली होती. टेप लावून, दुसरं कसं ठेवणार? आणि गंमत अशी की कोपऱ्यांत कानठळ्या बसत होत्या आणि माझ्या खुर्चीवर बेस जवळजवळ नव्हताच. मी उठून दाराशी गेलो की धुम ऐकू यायची, खुर्चीत येऊन बसलो की गडप. चार-पाच वेळा उठबस केली. पेटी बिघडकी निघाली असं समजून मी मुलीला फोन केला. तिनं एक व्हिडिओ पाठवला.

व्हिडिओत बेंगळुरूचा कुणी तरुण होता, कन्नडमधून सांगत होता, आणि चांगलं सांगत होता. बेसच्या लाटा लांब असतात म्हणाला, पंधरा-वीस हात लांब. खोलीत त्या भिंतीवर आपटून परत येतात. खोलीची लांबी आणि रुंदी वेगळी असली तर एका जोडीच्या भिंती जिथं बिघडवतात तिथं दुसरी जोडी थोडं सावरून घेते. पण दोन्ही सारख्या असल्या तर चारही भिंती एकाच सुराला धरून बसतात. मग कोपऱ्यांत आवाजाचा ढीग पडतो आणि खोलीच्या मध्यभागी खड्डा. तुम्ही घर बांधत असाल, तो म्हणाला, तर काहीही करा, पण चौरस खोली करू नका. आणि करून बसला असाल तर, एवढं म्हणून तो हसला.

मी व्हिडिओ थांबवला. टेप काढला. मोजायची काही गरज नव्हती, तरी मोजलं. बारा आणि बारा.

त्या खुर्चीत बसूनच मी हिशेब मांडला. भिंत दोन हात, म्हणजे तीन फूट, पलीकडं गेली असती तर माझी खोली पंधरा बाय बारा झाली असती, अण्णाची नऊ बाय बारा. दोन्ही खोल्या चांगल्या झाल्या असत्या. अण्णाला लाटांचं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त एवढं ठाऊक होतं की धाकट्याला जास्त जागा लागेल. आणि मी, मोजमापातला माणूस, टेप धरून, दोघांसाठीही गावातली सगळ्यात वाईट खोली बांधून घेतली होती. मला स्वतःची लाज वाटली. ह्या वयात लाज वाटली की ती अंगात उतरते, पटकन जात नाही.

लाज वाटली तरी पेटी घरात होतीच. त्या तरुणानं चौरस खोलीवाल्यांसाठीही एक उपाय सांगितला होता. जिथं बसून ऐकणार त्या खुर्चीवर पेटी ठेवायची. गाणं लावायचं. आणि आपण भिंतीच्या कडेकडेनं जमिनीवर रांगत फिरायचं. रांगायचं अशासाठी की पेटी जमिनीवर असणार, तर कानही तेवढ्याच उंचीवर पाहिजे. फिरता फिरता जिथं आवाज सरळ ऐकू येईल, तिथं पेटी आणून ठेवायची आणि आपण परत खुर्चीत बसायचं. पेटीची नि माणसाची अदलाबदल केली तरी आवाजाला फरक पडत नाही. आणि खुर्ची खड्ड्यातून थोडी मागं घ्यायची.

मी दुपारची वेळ धरली, बायको शेजारी गेलेली. खुर्ची दीड हात मागं घेतली, तिच्यावर पेटी चढवली, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचली आणि रांगायला लागलो. सांगतो, साठी उलटल्यावर माणसानं रांगू नये. गुडघ्यांखालची फरशी गार, कंबर कुरकुरते, आणि मान वर करून ऐकायचं म्हणजे मागून कुणी बघितलं तर घरात कासव शिरलंय असं वाटावं. पहिला कोपरा: घुमारा. पुढच्या भिंतीच्या मध्यावर आवाज स्वच्छ वाटला, पण तिथं बाहेरचं दार. मागच्या भिंतीच्या मध्यावर स्वयंपाकघराचं दार. तिसऱ्या भिंतीला यंदाच्या भाताची पोती छताच्या वाशापर्यंत रचलेली. पोत्यांनी आवाज थोडा खाल्ला होता, तेवढंच बरं. त्या तरुणानं आवाज खाणाऱ्या फोमच्या गाद्या विकत घ्यायला सांगितल्या होत्या. आमच्याकडं भात होतं.

मी पोत्यांना वळसा घालून चौथ्या भिंतीकडं आलो तेवढ्यात बायको दारात उभी. तिच्यामागं शेजारीण. दोघी बघताहेत: खुर्चीवर पेटी देवासारखी बसलेली, भजन चाललेलं, आणि मी तिच्याभोवती गुडघ्यांवर.

शेजारणीनं पदर तोंडाला लावला. "नवस हाय काय ओ?" तिनं हळूच विचारलं.

"व्हय," बायको म्हणाली, "जुना हाय. फिटंना झालाय."

तोवर मी चौथ्या भिंतीच्या मध्याशी पोचलो होतो आणि तिथं अण्णाचा डावा हात होता.

घुमारा नव्हता, खड्डाही नव्हता. प्रत्येक थाप वेगळी. थाप पडायची, गोल व्हायची, संपायची, मग पुढची. मधे मधे तो मनगट घासून धुमेचा सूर वर न्यायचा, त्याची ती खास सवय, ती मी अकरा वर्षांनी ऐकली. मी भिंतीला डोकं टेकवून तसाच बसलो. डोळ्यांत पाणी आलं. शेजारणीला काय वाटायचं ते वाटो असं म्हणून मी ते पुसलंही नाही. बायकोनं तिला बोलता बोलता बाहेर नेलं.

पेटी त्या भिंतीला लावली. सगळ्या घरात तीच एक भिंत मोकळी होती, ना दार ना खिडकी. चार इंचांची, अकरा वर्षांपूर्वी माझ्या रेघेवर उभी केलेली. मी खुर्चीत बसून सगळं भजन ऐकलं. दुसऱ्या दिवशी परत ऐकलं. दिवेलागणीच्या आधी, चहा घेऊन, रोज. आठवडाभर मी सुखात होतो.

मग एकदा बायको चहाचा कप घेताना म्हणाली, "एक बोलू? ती पेटी कुठल्या भितीला लावलाय, कळतंय न्हवं तुम्हास्नी?"

"बेस तिथंच चांगला येतोय."

"पलीकडं आजारी माणूस हाय. थोरलं भावजी दिसभर त्याच खोलीत असतात. तुम्ही मुद्दाम त्यांच्या कानात बडवूलालाय असं वाटलं त्यास्नी, तर?"

हे मला एकदाही सुचलं नव्हतं. आपलाच मृदंग, जो आता वाजवता येत नाही, तो रोज संध्याकाळी कुणीतरी भिंतीला लावून ऐकवतंय, आणि ऐकवणारा कोण, तर ज्यानं चार लोकांत आपला पाणउतारा केला तो. अण्णाला काय वाटलं असेल? मी तर त्याला हिणवतोय असंच कुणालाही वाटलं असतं. मी कप तसाच ठेवून उठलो, पेटी उचलली आणि पोत्यांच्या बाजूच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. आवाज अर्ध्यावर आणला. त्या दिवशी घुमाऱ्यात भजन ऐकलं. दुसऱ्या दिवशी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पेटीवर बायकोनं टॉवेल वाळत घातला.

चौथ्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. मला वाटलं, बायकोकडं आल्यात. पण त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"भावजी, पेटी बिघडली काय?"

"न्हाई. काढली तिथनं. अण्णाला तरास होत असंल म्हणून."

"कुणी सांगितलं तरास हुतोय?" वहिनींचा आवाज चढला. त्या कधी चढवत नाहीत. "आज तीन दिस झालं, सांज झाली की मला इचारतात, आज का न्हाई लावलं? मी काय सांगू? तुम्ही या आणि तुम्हीच सांगा."

मी गेलो. अंगणातून वळसा घालून, त्याच्या दारानं. एरवी चतुर्थीला जायचो तेव्हा घर माणसांनी भरलेलं असे, कोपऱ्यात गणपती, मला दुसरं काही बघायची गरज नसे. त्या दिवशी खोली रिकामी होती आणि मी ती पहिल्यांदा नीट बघितली. बारा बाय बारा. माझ्याच खोलीची दुसरी बाजू.

अण्णाची खुर्ची खिडकीशी असायची, रस्त्यावरचं येणंजाणं दिसावं म्हणून. ती आता मधल्या भिंतीला लागून होती, बरोबर मध्यावर. रस्ता पाठीमागं राहिला होता. अण्णा खुर्चीत तिरका बसला होता. डावा खांदा भिंतीला टेकलेला, आणि डावा हात उजव्या हातानं उचलून, तळवा भिंतीला लागेल असा लाकडी स्टुलावर ठेवलेला.

"ही खुर्ची किती वेळा हलवायला लावली, इचारा," वहिनी म्हणाल्या. "आधी त्या कोपऱ्यात. मग हितं. मग जरा तिकडं. दोन दिस माझं हेच काम."

"कोपऱ्यात नुस्ता गोंधळ हुता," अण्णा म्हणाला. माझ्याकडं न बघता, भिंतीकडं बघून. झटक्यानंतर त्याचं बोलणं सावकाश झालंय, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. "हितं सुटं सुटं येतंय."

"माझ्याकडंबी हितंच," मी म्हणालो. "बरोबर हितंच. मी रांगून शोधलं."

"रांगून?"

"व्हय."

त्यानं मान वळवली आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याच्या उजव्या गालात हसू आलं. डावा गाल तसाच राहिला. अकरा वर्षांनी आम्ही बोलत होतो, आणि बोलत होतो ते पेटी कुठं ठेवावी ह्यावर. मला ते सोपं वाटलं. मी त्याला लाटांचं सांगितलं, चौरस खोलीचं सांगितलं, मधल्या खड्ड्याचं सांगितलं. तो ऐकत होता, आवाजाची गोष्ट असली की तो आधीपासूनच असा ऐकायचा. सांगता सांगता मी त्या आकड्यांपाशी आलो, आणि मग थांबता येईना.

"अण्णा, भीत चुकली. तू सांगितलंस तिथं पाहिजे हुती. दोन हात हिकडं. आणि मी त्या दिशी जे बोललो..."

"भितीचं ऱ्हाऊदे," तो म्हणाला. "भीत काय, बांधली बांधली."

वहिनींनी माझ्यासाठी वेताचा मोडा पुढं सरकवला. मी बसलो. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. अण्णानं उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर घेतला आणि त्याच्या बोटांकडं बघत राहिला, दुसऱ्याच्या बोटांकडं बघावं तसा.

"ती पेटी माझा हात ऐकायला आणलीस म्हणं," तो म्हणाला. "तुझी बायको हिला सांगत हुती."

मी मान हलवली.

"हात तीन वर्सामागं गेला." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "त्याच्याआधी आठ वर्सं धड हुता. दर सोमवारी देवळात वाजवत हुतो. मी रोज हितंच, भितीपलीकडं. हाक मारली असतीस तर अंगणात बसून वाजवलं असतं की रं."

वहिनींनी चहा आणून ठेवला, तो निवला. थोड्या वेळानं अण्णानंच विचारलं, आज लावणार का म्हणून, आणि मी लावतो म्हणून उठलो.